खाचा कशाच्या आहेत, ते आधी बघा

आर्वी तालुक्यातल्या एका वाचकाचं पत्र आलं आहे. ते थोडं लहान करून देतो. त्यातला व्हाइस म्हणजे मेजावर बसवायचं, वस्तू दोन जबड्यांत आवळून धरायचं साधन:

"सर, नमस्कार. गावात माझं लहानसं दुकान आहे. फवारणीचे पंप, डवरे, वखर, मोटरपंपाची किरकोळ दुरुस्ती असं काम चालतं. माझे बाबा एका जिनिंग फॅक्टरीत, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, फिटर होते. फॅक्टरी बंद पडली तेव्हा त्यांचं देणं थकलं होतं. त्यातल्या थोड्या रकमेपोटी वर्कशॉपमधला जुना व्हाइस त्यांना मिळाला आणि बंडीत टाकून त्यांनी तो घरी आणला. जबडा सहा इंची आहे, अंगावर 'मेड इन इंग्लंड' अशी उठावाची अक्षरं आहेत आणि सांदीकोपऱ्यात निळा रंग दिसतो. बाबांना जाऊन तीन वर्षं झाली. तेव्हापासून तो गोठ्याच्या पडवीत बारदान्याखाली पडून आहे. दुकानासाठी मी नवा व्हाइस घेतला होता, पण दुसऱ्याच वर्षी त्याचे आटे गेले. आता बाबांचा लावावा असं मनात आहे. पुण्याचा भाऊ म्हणतो, एवढी जुनी वस्तू कामाला लावून खराब करू नको. सँडब्लास्ट करून, काळा पावडर कोट देऊन तो हॉलमध्ये ठेवायचा त्याचा विचार आहे. आई म्हणते, 'त्याईच्या हाताची खूण हाये त्याच्यावर, पुसू नोका.' मला काही सुचत नाही. आणखी एक. सरकत्या भागावर वरच्या बाजूला चार बारीक खाचा आहेत. ही तुटायची सुरुवात तर नाही ना?"

भाऊ, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा त्या खाचांपाशी थांबलो. त्यांच्याकडे येतोच. त्याआधी तुमच्या प्रश्नाचं उत्तर: तडा नसेल तर व्हाइस दुकानात लावा. जबड्याच्या मानेत तडा असेल तर ठेवून द्या. तुमचं, भावाचं आणि आईंचं अशी घरात तीन मतं आहेत, पण आधी व्हाइसलाच विचारायला हवं, आणि ते विचारायची रीत आहे.

हा व्हाइस बिडाचा आहे, म्हणजे ओतीव लोखंडाचा. आपल्या साध्या सळईत कार्बन पाव टक्क्याच्या आसपास किंवा त्याहून कमी असतो. बिडात तो अडीच ते चार टक्के असतो आणि त्यातला बराचसा ग्राफाइटच्या बारीक पापुद्र्यांच्या रूपात धातूत पसरलेला असतो. त्यामुळे बीड दाब भरपूर सोसतं, कंपनं पिऊन टाकतं, पण ताण आणि घाव सोसत नाही. ते वाकत नाही, एकदम तुटतं. सळई वाकून आधी इशारा देते, बीड तो देत नाही. म्हणून दिसत नसलेला तडा शोधून काढावा लागतो.

त्याला महागडं काही लागत नाही. मानेचा भाग, म्हणजे जबडा जिथे खालच्या धडाला मिळतो तो कोपरा, वायर ब्रशने चांगला उघडा करा. खालच्या बोल्टांच्या कानांभोवती, आणि सरकता दांडा ज्या चौकोनी भोकातून जातो त्याच्या चारही कोपऱ्यांवरही तेच करा. पूर्वी यासाठी आम्ही राकेल वापरायचो. आता ते सहज मिळत नाही, डिझेलने काम होतं. डिझेल भरपूर लावून तासभर मुरू द्या. मग कोरड्या फडक्याने पूर्ण पुसा, अगदी कोरडं करा, आणि वरून फळ्यावरच्या खडूची बारीक पूड चोळा. अर्धा तास वाट पाहा. तडा असेल तर आत शिरलेलं डिझेल बाहेर येतं आणि पांढऱ्या पुडीवर ओली, काळपट रेघ उमटते. केसासारखी असते, पण दिसते. कुठे पिवळसर पितळी रेघ दिसली, तर तिथे आधी कुणीतरी ब्रेझिंग, म्हणजे पितळ वितळवून जोडकाम, केलेलं आहे. ते चांगलं केलेलं असलं तर वर्षानुवर्षं टिकतं, पण मग त्या व्हाइसवर जोराचं काम नको.

बोल्टाच्या कानातला तडा सांभाळून घेता येतो. मानेतला येत नाही. गावातल्या वेल्डिंगवाल्याकडे नेऊन साध्या रॉडने तो भरून घ्यायचा मोह होईल, तसं करू नका. बिडावर साध्या रॉडचं वेल्डिंग थंड होताना काचेसारखं कडक होतं आणि त्याच्या शेजारीच नवा तडा जातो. बिडासाठी निकेलचा वेगळा रॉड लागतो, आधी तापवावं लागतं, नंतर राखेत दाबून हळूहळू निववावं लागतं. एवढं सगळं करूनही मान जोडलेला व्हाइस मी माझ्या विद्यार्थ्याच्या हाती दिला नसता. आवळताना तो सुटला तर तुकडा तोंडावर येतो. तेव्हा रेघ मानेत निघाली तर भावाचं म्हणणं बरोबर धरा आणि व्हाइस घरात ठेवा.

रेघ निघाली नाही असं धरून पुढे लिहितो. तुमच्या वर्णनावरून मला तीच आशा वाटते.

असा व्हाइस आर्वीकडच्या गावात कसा आला, हे तुमच्या मुलांना सांगण्यासारखं आहे. अमेरिकेतलं यादवी युद्ध 1861 ते 1865 चाललं. तिकडचा कापूस थांबला आणि वऱ्हाड-नागपूरच्या कापसाला विलायतेत एकदम भाव आला. 1867 मध्ये रेल्वे नागपूरला पोचली. 1877 मध्ये नागपुरात एम्प्रेस मिल सुरू झाली. पुढे गावोगाव जिनिंग आणि प्रेसिंगचे कारखाने उभे राहिले, आणि पुलगाव-आर्वीची अडीच फुटी रुळांची छोटी गाडी तुमच्या भागातल्या कापसासाठीच धावली. जिनची यंत्रं तेव्हा इंग्लंडहून यायची. एखादा भाग तुटला तर नवा बोटीने येईपर्यंत सीझन हातचा जायचा. म्हणून जिनिंगला स्वतःचं वर्कशॉप लागायचं, आणि वर्कशॉप म्हटलं की आधी एक दणकट व्हाइस. निळा रंग शेफिल्डच्या रेकॉर्ड कंपनीच्या व्हाइसना असायचा. तुमचा त्यांचाच आहे का, हे अंगावरच्या अक्षरांवरून कळेल. पाठ्यपुस्तकात याला शेगडा म्हणतात, पण आयटीआयच्या इतक्या वर्षांत तो शब्द मी परीक्षेच्या पेपरातच जास्त पाहिला.

तुमच्या बाबांनी त्यावर काय केलं असेल, याचा अंदाज मला बांधता येतो. रोलर जिनमध्ये कातडी चकत्यांचा रूळ असतो. त्याला टेकलेली एक सुरी स्थिर असते आणि दुसरी वरखाली हलते. रूळ रुई ओढून नेतो, हलती सुरी सरकी झाडून पाडते. सुरीची धार आणि दोन सुऱ्यांची मांडणी थोडी बिघडली की सरकी फुटते, नाहीतर रुई तुटते, आणि गाठीचा भाव पडतो. दिवाळीपासून उन्हाळ्यापर्यंत यंत्र थांबवायला सवड नसते. सीझन संपला की एकेक जिन उघडायचा, सुऱ्या काढायच्या, व्हाइसमध्ये धरायच्या आणि कानशीने सरळ करायच्या. एका कारखान्यात असे किती जिन असतील आणि त्यांच्या किती सुऱ्या, तुम्हीच मोजा.

आता खाचा. त्या तुटायची सुरुवात नाहीत. तडा वेडावाकडा जातो, कोपऱ्यातून निघतो, आणि एकसारख्या अंतरावर सरळ आडवा चार वेळा कधी जात नाही. तुम्ही लिहिलंय त्यावरून त्या तिकोनी कानशीच्या असाव्यात. सरकत्या दांड्यावर अशा खुणा कसबी फिटर का करतो, हे मी माझ्या उस्तादांकडे पाहिलं आहे. एकच काम शंभर वेळा करायचं असतं तेव्हा दर वेळी जबडा किती उघडायचा हे मोजत बसत नाहीत. खूण धडाच्या कडेशी आली की थांबायचं, वस्तू आत बसते, अर्ध्या फेऱ्यात आवळली जाते. माझा अंदाज आहे की त्या चार खाचा म्हणजे तुमच्या बाबांच्या हातून सगळ्यात जास्त वेळा गेलेली चार कामं आहेत.

हे खरं आहे का, ते व्हाइस चालू झाल्याशिवाय कळणार नाही. जबडा फिरवत पहिली खाच कडेला आणा आणि मधलं अंतर मोजा. मग दुसरी, तिसरी, चौथी. जिनिंगमध्ये काम केलेला एखादा म्हातारा माणूस तुमच्याकडे अजून असेल, त्याला आकडे सांगा. तो ओळखेल. आई ज्या खुणेबद्दल बोलतात ती फक्त मुठीवर गुळगुळीत झालेल्या लोखंडात नसावी, या खाचांतही असावी. आणि सँडब्लास्टिंगमध्ये सगळ्यात आधी जाईल ती हीच. वाळूचा मारा गंजाबरोबर खाचेची कड, अक्षरांची धार, आटे, घासून बसलेले सरकते पृष्ठभाग, सगळंच खरवडतो. त्यावर पावडर कोटचा जाड थर बसला की दांडा भोकात शिरणारही नाही. भावाला हे सांगा. त्याचं प्रेम मला दिसतं, रीत मात्र चुकीची आहे.

तर साफ कसा करायचा? सगळा खोला. मूठ फिरवत सरकता जबडा पूर्ण बाहेर काढा. स्क्रूला मागे बहुधा एक वॉशर, स्प्रिंग आणि पिन असेल. ती काढण्याआधी कुठलं काय कुठे होतं याचं चित्र कागदावर काढा. फोनमध्ये फोटो काढला तरी चित्र काढाच, हाताने काढताना डोळा नीट बघतो. ग्रीस आणि किटण डिझेलने सोडवा. गंज वरवरचा असेल तर वायर ब्रश आणि बारीक एमरी पेपर पुरे. ग्राइंडर लावू नका. जिथे निळा रंग शिल्लक आहे तिथे कोरडं घासू नका. जुन्या रंगात शिसं असायचं आणि त्याची धूळ पोरांच्या पोटात जाते. आपल्याकडे घरगुती रंगातल्या शिशावर 90 पीपीएमची (दहा लाख भागांत 90 भाग) मर्यादा 2017 साली लागू झाली, त्याआधीचा रंग संशयितच धरा. ओल्या फडक्याने पुसून तो रंग तसाच राहू द्या. मला तर तो तसाच आवडतो.

गंज खोल असेल तर प्लास्टिकच्या टबात धुण्याच्या सोड्याचं पाणी करा. बॅटरी चार्जरची निगेटिव्ह क्लिप व्हाइसला आणि पॉझिटिव्ह क्लिप बाजूला उभ्या केलेल्या भंगार सळईला लावा. दोन्ही एकमेकांना टेकू देऊ नका. रात्रभरात गंज मऊ होऊन सुटतो. पण हे उघड्यावर करा, कारण हायड्रोजन निघतो, ठिणगी जवळ नको. आणि सळईऐवजी स्टेनलेसचं भांडं मुळीच वापरू नका, त्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरतं.

कोरडा झाला की बाहेरच्या अंगाला जवसाचं तेल लावा. आपल्याकडचं हे तेल वाळून पापुद्रा धरतं, म्हणून पावसाळ्यात लोखंडाला चांगलं राखतं. त्याच कारणाने ते स्क्रूला आणि सरकत्या दांड्याला चालत नाही, चिकट होऊन सगळं अडकवतं. स्क्रूला ग्रीस, दांड्याला साधं मशीन ऑइल, तेही पुसून पातळ. जास्त तेलावर लोखंडाचा कीस आणि काळ्या मातीची धूळ बसते, आणि ते मिश्रण आटे कानशीसारखे खातं. जवसाच्या तेलाने भिजलेलं फडकं गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. ते वाळताना आपोआप तापतं आणि पेट घेऊ शकतं. दोरीवर पसरून वाळू द्या, नाहीतर पाण्याच्या डब्यात टाका.

मूठ फिरवल्यावर पाव फेरा मोकळा गेला तर घाबरू नका, चालतं. एक फेरा मोकळा जात असेल तर आतला नट खाल्लेला आहे. तो लेथवाल्याकडून नवा करून घेता येतो. जुना नमुना सोबत न्या.

दुकानात बसवताना एक गोष्ट तुमच्या जमिनीची. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात फाटते. तीत थेट पुरलेला मेज दर हंगामात हलतो. मेजाचे पाय सिमेंटच्या ओट्यावर किंवा दगडी फरशीवर घ्या. लाकूड बाभळीचं मिळालं तर उत्तम. लाकूड वाकडं असेल आणि तुम्ही बोल्ट जोरात आवळले तर बिडाचा कान फुटतो, म्हणून व्हाइसखाली सपाट पोलादी पाटी घ्या आणि बोल्ट आरपार घेऊन खालूनही पाटी द्या. मागचा, न हलणारा जबडा मेजाच्या कडेच्या थोडा बाहेर हवा, म्हणजे लांब पाइप उभा धरता येतो. उंची तुमच्या शरीराने ठरवा: समोर उभं राहून हाताची मूठ वळून हनुवटीखाली टेकवा, कोपर जबड्याच्या वरच्या कडेला टेकलं पाहिजे. बाबा तुमच्यापेक्षा बुटके असतील तर त्यांच्या उंचीवर लावू नका, पाठ जाईल.

वापराबद्दल मला सगळ्यात जास्त कळकळीने हे सांगायचं आहे. हातोडा त्यावर नको. मी नोकरीला लागल्याच्या पहिल्या काही वर्षांत एका विद्यार्थ्याने कल्टिव्हेटरचा वाकलेला फाळ व्हाइसमध्ये धरून घणाने सरळ करायला घेतला. चौथ्या घावाला जबडा मानेतून तुटून त्याच्या पायापाशी पडला. पाय वाचला. दोष त्याचा नव्हता. बीड आणि पोलाद यांतला फरक मी त्याला फळ्यावर शिकवला होता, हातात देऊन शिकवला नव्हता. त्यानंतर दर वर्षी पहिल्याच दिवशी तो तुटलेला जबडा मी वर्गात फिरवत असे. तुमच्याकडे वखराची फास, डवऱ्याचे फाळ येणारच. ठोकायचं काम लोहाराच्या ऐरणीवर करा किंवा पायाचा घडीव व्हाइस मिळाला तर त्यावर. त्याचा खांब जमिनीला टेकतो आणि घाव जमिनीत जातो. बाबांचा व्हाइस धरण्यासाठी, कापण्यासाठी, कानशीसाठी.

आणि मुठीवर पाइप चढवू नका. हिशेब करून बघा. मूठ मध्यापासून 25 सेंटिमीटर, स्क्रूचा आटा 6 मिलिमीटरचा (म्हणजे एका फेऱ्यात जबडा तेवढा सरकतो), हाताचा जोर 20 किलो. कागदावर दाब पाच टनांच्या वर जातो. तीन-चतुर्थांशाहून जास्त घर्षणात गेला तरी टनाच्या आसपास उरतो. एवढ्याने न धरणारं तुमच्या दुकानात काही नाही. मीटरभर पाइप लावला की हेच चौपट होतं, आणि ते सगळं बिडाच्या मानेवर येतं. मूठ मुद्दाम मऊ लोखंडाची करतात, जास्त जोर दिला तर ती आधी वाकावी म्हणून. तुमची मूठ थोडी वाकलेली असेल तर सरळ करत बसू नका.

आता भावाचा भाग. सहा इंची जबड्याच्या आतल्या दातेरी पट्ट्या वेगळ्या असतात, स्क्रूने बसवलेल्या. इतक्या वर्षांत त्या मधोमध घासून गुळगुळीत झाल्या असणार, आणि दुकानाच्या कामाला तुम्हाला नव्या लागतीलच. लेथवाल्याकडून नवी जोडी करून घ्या. जुनी जोडी पुण्याला पाठवा. बाबांनी आयुष्यभर जे धरलं ते या पट्ट्यांमध्ये धरलं. हॉलमध्ये ठेवायला त्याहून खरी वस्तू त्या व्हाइसमध्ये दुसरी नाही, आणि ती पुसायचीही गरज नाही. पावडर कोट करणार नाही एवढं वचन मात्र घ्या. नाजूक काम धरताना नव्या पट्ट्यांवर तांब्याच्या किंवा ॲल्युमिनियमच्या पत्र्याचे कोन वाकवून बसवा, पितळी नोझलवर दात उमटणार नाहीत.

आईंना तुम्ही काय सांगावं हे मी ठरवू शकत नाही. पण खोलण्याआधी त्यांना पडवीत बोलवा आणि बारदाना त्यांच्याच हाताने काढू द्या. मुठीवरचा गुळगुळीत भाग आणि खाचा, या दोन जागांना ब्रश लावणार नाही असं त्यांच्यासमोर म्हणा, आणि पाळा. बाबा खंडेनवमीला या व्हाइसची पूजा करत असतील तर कुंकू कुठे लावायचे, हे त्यांनाच माहीत असेल.

डिझेल-खडूची परीक्षा झाली की रेघ निघाली की नाही ते कळवा. आणि चारही खाचांची अंतरं मिलिमीटरमध्ये मोजून लिहा. त्यातली एखादी जिनच्या सुरीची आहे का, हे मला बघायचं आहे.